पाठमोरे बुवा

बुवांना मी प्रत्यक्ष शिकवताना फार कमी पाहिलं. बहुतेक वेळ ते माणसं गोळा करत असायचे.

आमचं घर लोणावळ्याला, स्टेशनाच्या मागच्या आळीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत मालबाबू होते. माझ्या गाण्याच्या शिकवणीची वेळ झाली की बुवा ओसरीवर यायचे, छत्री खुंटीला अडकवायचे आणि तंबोऱ्याकडे ढुंकूनही न बघता परत रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. जो दिसेल त्याला हाक. "या हो, बसा घटकाभर. पोरगी गातेय. नाही आवडलं तर खुशाल उठून जा, पण जाताना मला दिसेल असं जा."

माणसंही यायची. कुसगावचे एक आबा आमच्याकडे दुधाचा रतीब घालायचे, ते तर कायमचेच धरलेले. शेजारचे दस्तगीरभाई शिंपीकाम करायचे आणि तबला वाजवायचे; दुपारी मशीन बंद करून तेही यायचे. कधी कार्ल्याचा एखादा शेतकरी भाताचं पोतं उतरवून दम खात बसायचा. असे चार-पाच जण जमले की बुवा मला म्हणायचे, "हं, कर सुरू," आणि माझ्याकडे पाठ करून बसायचे.

हो, पाठ करून. माझ्यासमोर बुवांचा काळा कोट, मानेवरची केसांची बट आणि कानांच्या दोन मोठ्या पाळ्या. तोंड त्या माणसांकडे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझं गाणं एवढं वाईट आहे की काय! रडूच आलं. आईनं आतून येऊन विचारलं, "अहो बुवा, पोरीकडे बघाल की नाही?"

"तिच्याकडे काय बघायचं? तिचं मला ऐकू येतं," बुवा म्हणाले. "ते पोचतंय का, हे ह्यांच्या तोंडावर बघायला हवं."

आणि खरं सांगते, त्या पाठमोऱ्या माणसानं माझी एकही चूक कधी सोडली नाही. "आत्ता आबांनी पायाचा अंगठा हलवायचा थांबवला. का थांबवला? तुझी लय सुटली म्हणून." "आत्ता दस्तगीर छताकडे बघायला लागला. एकच तान दोनदा घेतलीस." गाणाऱ्याची चूक ऐकणाऱ्याच्या अंगावर उमटते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते वाचायला ते तासन् तास बसायचे.

ही खोड त्यांना नडलीही होती. तरुणपणी ते एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. एके दिवशी त्यांनी तो ऑर्गनच फिरवून घेतला, रंगमंचाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड. मुख्य नटाला वाटलं, हा माणूस मुद्दाम आपला अपमान करतोय. बुवांनी त्याला समजावलं म्हणे, की तुम्ही गाताना पाचव्या रांगेतला म्हातारा कधी पान लावायला घेतो ते मी बघतो. झालं! त्याच मुक्कामात बुवांचं गाठोडं बाहेर. तिथून ते हवा मानवते म्हणून लोणावळ्याला आले आणि राममंदिरामागच्या खोलीत राहिले ते राहिलेच.

त्यांचं शिकवणं ऐकून कुणी म्हणेल, हा गवई आहे की गुराखी. एकदा आबांना म्हणाले, "आबा, आज तुम्ही झोपायचं."

"झोपतो की," आबा म्हणाले. "मला काय, पहाटं धारंला उठल्याला गडी मी. म्हना तर आत्ता घोरतो."

"आणि तू," माझ्याकडे बोट, अर्थात मागे न बघता, "तू ह्यांना झोपू द्यायचं नाहीस. आवाज चढवायचा नाही. हळूच गाऊन जागं ठेवायचं."

मी जीव तोडून गायले आणि आबा भिंतीला टेकून घोरले. "आवाज चढवलास," बुवा म्हणाले. "एकसारखा मोठा आवाज झोपणाऱ्याला अंगाईसारखाच की." पुढच्या खेपेला मी एक स्वर असा अर्धवट सोडून दिला, की आबांनी डोळे उघडून विचारलं, "का गं, काय झालं?" बुवा मांडीवर थाप मारून हसले. पण मला शाबास म्हणाले नाहीत. शाबास, वा, छान, हे शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी निघालेच नाहीत. ते काम त्यांनी त्या चार-पाच माणसांवर सोपवलं होतं.

पावसाळ्यात आमच्या पत्र्यावर असा काही मारा व्हायचा की शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येऊ नये. मी गळा ताणायची. बुवा म्हणायचे, "पावसाशी भांडू नकोस बये, तो जिंकणार. तू हळू गा. माणसं आपणहून पुढं सरकतील." आणि सरकायची की! घोंगडीसकट सरकायची. आईला तर त्यांनी सांगून ठेवलं होतं, की पोर रंगात आली की स्वयंपाकघरात एखादं ताट पाडायचं. आई म्हणाली, "पोचे पडतील ताटाला, ते कोण काढणार?" पण तीही हौशी. नेमकं मी तान घेताना धाडकन पाडायची आणि आत तोंडाला पदर लावून हसायची.

ह्या सगळ्यात बुवांचा एक मोठा धडा होता. त्याला ते 'उंबरा' म्हणायचे. एखादी जागा चांगली साधली, की पुढं धावायचं नाही. थांबायचं. "दुसऱ्याच्या घरी गेलीस तर भसकन आत शिरतेस का? उंबऱ्यावर थांबतेस. आतलं माणूस 'ये' म्हणतं, मग पाऊल टाकतेस. गाण्यातही तसंच. ऐकणाऱ्यानं 'ये' म्हटल्याशिवाय आत जायचं नाही." मग मी थांबायची. दस्तगीरभाई ठेका धरून राहायचे. कुणीतरी "वा" म्हणायचं, कुणी नुसतं "हं" करायचं, आबा तर मोठ्यानं "व्हय, ये की!" म्हणायचे. मग मी पुढं जायची. हे माझ्या इतकं अंगात मुरलं की मला वाटायचं, जगातले सगळे लोक असेच गातात.

आता मला काय हवं होतं ते सांगते. मला माणसांसमोर बसून गायचं होतं. ओसरीवरच्या रतीबवाल्यांसमोर नाही, चांगली जाजमं घातलेल्या बैठकीत, लोक गाणं ऐकायला म्हणून आलेत अशा ठिकाणी. बुवांनाही तेच हवं होतं. आणि अण्णांना ते अजिबात नको होतं. अण्णा दुष्ट नव्हते, पण त्या काळचे बाप होते. ओसरीवर चालतं ती शिकवणी. चार पुरुषांना आमंत्रण देऊन त्यांच्यापुढं मुलगी तंबोरा घेऊन बसली की संपलं, मग स्थळं कुठून येणार? बुवांनी विषय काढला की अण्णा घड्याळ बघून ड्युटीला निघून जायचे.

अशात मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा एजंट हवा खायला लोणावळ्याला आला आणि आमच्या घरावरून जाताना माझं गाणं ऐकून आत आला. त्यानं अण्णांना सांगितलं, मुलीची रेकॉर्ड काढू. बंद खोली असते. समोर कुणी माणूस नाही. वडिलांनी बरोबर यावं.

अण्णांना हे एकदम पटलं. माणसांपुढं बसणं नाही आणि नाव तर होणार! ते बुवांना म्हणाले, "ही रेकॉर्ड नीट झाली तर शिकवणी चालू ठेवू. नाही झाली तर समजू की एवढंच होतं तिच्यात. तंबोरा माळ्यावर ठेवायचा आणि लग्नाचं बघायचं." बुवांनी छत्रीची मूठ चोळली. मग म्हणाले, "डब्यात तर डब्यात."

रेकॉर्ड विजेवर काढतात, आणि विजेवर त्यांचा आधीपासूनच राग. घाटातली वाफेची इंजिनं जाऊन विजेची आली तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं, बुवा तेवढे गेले नाहीत. शेडमधल्या एका म्हाताऱ्या इंजिनाच्या शिट्टीवर ते माझा तंबोरा जुळवायचे. ते इंजिन गेलं तेव्हा चार दिवस सुतक पाळल्यासारखे बसले. "विजेनं माझा षड्ज नेला," रेकॉर्डचं ठरल्यावर म्हणाले, "आता पोरीचं गाणं नेणार."

रेकॉर्डची तालीम म्हणजे एक तमाशाच होता. अर्धा तास चालणारी भीमपलासाची बंदिश जेमतेम तीन मिनिटांत बसवायची. एजंटानं सांगितलं होतं, आलाप नको, पहिल्या घासालाच मुखडा. "म्हणजे दारात चपला काढायच्या आत जेवून उठायचं," बुवा करवादले. अण्णा रेल्वेचं खिशातलं घड्याळ घेऊन बसायचे आणि वेळ भरली की मालगाडीला दाखवावा तसा हात वर करायचे. ओसरीवर जमलेली माणसं चकित. आबा म्हणाले, "आत्ताच तर बसलो! संपलं बी?"

मुंबईला आम्ही चौघं गेलो. अण्णा, बुवा, दस्तगीरभाई आणि मी. त्या खोलीच्या भिंतींना जाड पडदे, पायाखाली सतरंज्या, आणि समोर एका दांड्यावर लोखंडी डबी. तिला मायक्रोफोन म्हणतात, असं एजंटानं सांगितलं. पलीकडे काचेआड एक साहेब कानांना काहीतरी लावून बसलेला. लाल दिवा लागला की गायचं, आणि त्यानंतर खोकायचंसुद्धा नाही. गाणं मेणाच्या ताटावर कोरलं जातं, ते ताट एकदा वाया गेलं की गेलं. अण्णांना आणि बुवांना बाहेर बसवलं.

लाल दिवा लागला. मी डोळे वर केले आणि बाई गं, समोर कुणीच नाही! पाठमोरे बुवा नाहीत, आबा नाहीत, काही नाही. पडदा. मी मुखडा घेतला, स्वर लागला, पहिली तान छान आली, आणि मी थांबले. उंबऱ्यावर. कुणी 'ये' म्हणेना. दस्तगीरभाईंनी ठेका दिला, पुन्हा दिला. मी वाट बघत उभी. लाल दिवा विझला. साहेब काचेआडून तावातावानं हातवारे करत होता. एजंट धावत आला. "विसरलात का हो?"

"नाही," मी म्हटलं. "कुणी काही म्हणालंच नाही."

"कोण म्हणणार इथं?" एजंट कपाळाला हात लावून म्हणाला. "थांबायचं नाही. सरळ गायचं."

दुसऱ्या ताटाला मी सरळ गायला गेले. पण गळ्याला ठाऊक होतं की इथं थांबायचंय. पाय आपोआप अडखळला, समेवर मी मागे आणि तबला पुढे. दस्तगीरभाईंनी मला सांभाळायचा केवढा प्रयत्न केला, पण ते ताटही गेलं. दाराच्या फटीतून मला अण्णा दिसले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. रागावलेला नव्हता. उलट हायसं वाटल्यासारखा, की चला, निकाल लागला. मला तंबोरा माळ्यावर चढताना दिसायला लागला.

एजंट म्हणाला, आता एकच ताट, मग दुसरी पार्टी येतेय. तेवढ्यात बुवा आत आले. "मला हिच्यासमोर बसू द्या. आवाज करणार नाही."

"श्वासाचा आवाजही येतो," एजंट म्हणाला.

बुवांनी उपरण्याचं टोक गोळा करून तोंडात कोंबलं आणि सतरंजीवर बसले. नेहमीसारखे माझ्याकडे पाठ करून बसले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की बघायला तिकडं पडद्याशिवाय काही नाही. ते हळूच वळले. तोंड माझ्याकडे.

इतक्या वर्षांत गाताना मी त्यांचं तोंड पाहिलंच नव्हतं. ते तोंड कसं असेल ह्याची मी फार भीती बाळगली होती. आणि बघते तर, अहो, तोंडात उपरणं कोंबलेला तो म्हातारा माझ्या पहिल्याच स्वराला असा विरघळला, की डोळे भरून आले त्याचे. भुवया माझ्या तानेबरोबर चढत होत्या, माझ्याबरोबर उतरत होत्या. म्हणजे हे सगळं आजवर त्या कोटापलीकडे चाललेलं होतं आणि मला पत्ताच नाही! मी काय गायले ते मला आठवत नाही. त्या तोंडाशी बोलत होते एवढं खरं. तान संपली, मी उंबऱ्यावर थांबले, आणि बुवांचं उपरणं गळून पडलं. "हं," ते म्हणाले. अगदी लहान. मी आत गेले.

दिवा विझला. साहेब कपाळाला आठी घालून घड्याळाकडे बघत होता. मग त्यानं हातानंच, चालेल, अशी खूण केली. एजंटानं विचारलं, "मधे काही आवाज आला का हो?"

"छे!" बुवा म्हणाले आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. खोटं बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

मेणाचं ताट वाजवून बघता येत नाही, बघितलं तर खराब होतं. त्यामुळे रेकॉर्ड हातात पडेपर्यंत तो हुंकार उतरला की नाही, कुणालाच कळायचं नव्हतं. बुवांची त्या काळात झोप उडाली होती. रोज येऊन विचारायचे, "आली का?" आणि नाही म्हटलं की सुटकेचा निःश्वास टाकायचे.

रेकॉर्ड आली तेव्हा आमच्याकडे ग्रामोफोन कुठला! स्टेशनाजवळच्या चहाच्या हॉटेलवाल्याकडे होता. तो रविवारी दुपारी स्वतः पेटी घेऊन आमच्या ओसरीवर आला. अण्णांनी त्या दिवशी जाजम घातलं, माणसं बोलावली. स्टेशनातले बाबू आले, आळीतले लोक आले, आबा कुसगावहून धुतलेला पटका बांधून आले. मी मात्र माजघरात, दाराआड. गंमत बघा, माझा आवाज पुरुषांच्या मधोमध बसलेला आणि मी आत आईबरोबर शेंगा सोलतेय.

चावी दिली, काटा ठेवला, आणि पेटीतून मी गायला लागले. तान आली, संपली. मी उंबऱ्यावर थांबले, आणि त्या शांततेत स्पष्ट ऐकू आलं, "हं." बुवा ओसरीच्या टोकाला बसले होते, त्यांनी छत्री उघडून तोंडापुढं धरली. पण बाकीच्यांना तो हुंकार कळलाच नाही, कारण त्याच वेळी आबांनी आपलं नेहमीचं सुरू केलं होतं.

"व्हय, ये की..." ते म्हणाले, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत रेकॉर्ड पुढं गेलीसुद्धा. "आरं! थांब की जरा. माझं म्हननं तरी हुंदे!"

लोक हसले. रेकॉर्ड संपली. आबा म्हणाले, "पुन्यांदा लावा." पुन्हा लावली. आबा आता तयारीनं पुढं सरकून बसले. जागा आली तशी त्यांनी घाईनं दाद दिली. पेटीतली मी त्यांना न जुमानता तिथूनच, तशीच वळून गेले. आबांनी तिसऱ्यांदा लावायला लावली. मग मात्र मांडी मोडून अण्णांकडे वळले.

"मालबाबू, ही पोर आपली न्हाई."

"आपलीच आहे आबा, नाव छापलंय वर."

"नाव आसंल. पर ती आमचं आईकत न्हाई. मी कवाचा ये ये म्हनतोय, तिचं आपलं चाललंय. रोज आमच्या पोरीला मी हूं म्हनलं तरी समजतंय." आबांचा आवाज जरा चढला. "आन् पोरगी हाय कुटं? घरात हाय का न्हाई?"

"आहे की. आत आहे."

"मंग ती घरात आस्ताना ह्या पेटीला कशापाई गाया लावताय?"

कुणी हसलं नाही. मी दाराआड होते, हातात शेंगेचं टरफल तसंच. आई माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, अण्णांनी घड्याळ काढलं आणि न बघताच परत खिशात ठेवलं. मग मोठ्यानं हाक मारली, "बाहेर ये गं. तंबोरा घेऊन ये."

मी आले. दस्तगीरभाई तबला घरून आणायला धावले. बुवांनी छत्री मिटली, उठले, माझ्यासमोर आले आणि नेहमीसारखे माझ्याकडे पाठ करून बसले. आणि त्या दिवशी ते बरोबर अण्णांच्या समोर बसले होते.

तोच भीमपलास मी गायले. पण आता चपला काढून, पाय धुऊन, सावकाश. कुणी हात वर करत नव्हतं. तान संपली. मी थांबले. आबा आधीच तोंड उघडून बसले होते, पण त्यांच्याही आधी कुणीतरी म्हणालं, "ये." आवाज इतका दबका होता की मला आधी कळलंच नाही कुणाचा. मग बुवांच्या कानांच्या पाळ्या हलल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून मला अण्णांचा चेहरा दिसला.

पुढं माझं लग्न झालं, तेही गाणं चालू राहील ह्या अटीवर, आणि ती अट अण्णांनीच घातली. मी पुष्कळ बैठकी केल्या. दाद पुष्कळ मिळाली, आणि ती सगळी तिथल्या तिथं विरली. बुवा गेले, अण्णा, आबा, दस्तगीरभाई, सगळे गेले. रेकॉर्ड तेवढी आहे. अगदीच जीव कासावीस झाला की लावते, त्या एका हुंकारासाठी. बाकीचं माझं गाणं मला आता पोरकट वाटतं.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. माणसं पांगल्यावर बुवा छत्री घ्यायला खुंटीशी आले. मी धीर करून विचारलं, "बुवा, मुंबईला तुम्ही हं म्हणालात. आज माझं त्याहून बरं झालं ना? मग आज का नाही काही म्हणालात?"

त्यांनी छत्रीची मूठ चोळली. माझ्याकडे बघितलं, अगदी त्या बंद खोलीतल्यासारखं.

"मुंबईला तुला दुसरं कुणी नव्हतं गं," ते म्हणाले. "आज तुझा बाप होता."

आणि पायरी उतरून ते राममंदिराच्या वाटेला लागले.